औंढा रोडवरचा ट्रेलर अन् अणुकचऱ्याची अफवा: काय झालं, लोकांनी काय विचारलं

जिंतूरहून औंढ्याकडं जाताना आमच्या भागात एक ओढा लागतो, त्याच्यावरचा पूल जुना. मागच्या उन्हाळ्यात त्या पुलाच्या अलीकडं एक भला मोठा ट्रेलर येऊन थांबला, मोजता येऊ नयेत एवढी चाकं अन् वर ताडपत्रीत गुंडाळलेलं लांबच्या लांब गोल लोखंडी धूड. एवढं वजन पुलावरून न्यायला बांधकाम खात्याची परवानगी लागते, ती आली नव्हती, म्हणून ड्रायव्हर अन् त्याची माणसं लिंबाखाली चूल मांडून बसली. एवढीच गोष्ट होती. पण दोन-तीन दिवसांत पंचक्रोशीत बातमी झाली की अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन आणलंय अन् ते इथंच कुठंतरी पुरणार आहेत. जवळच्या वस्तीवरचं दूध घेणं डेअरीवाल्यानं बंद केलं, ट्रेलरजवळ खेळलेल्या पोरांना शेजारचे घरात घेईनात, अन् एका घरानं तर लेकराबाळांसकट नातेवाईकांकडं मुक्काम हलवला.

मी जवळच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळं मला बोलावणं आलं. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण उद्या दुसऱ्या गावात असंच झालं तर कोणाच्या तरी कामाला यावं. अन् दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे: त्या गावातल्या लोकांनी जे प्रश्न विचारले ते इतके नेमके होते की जगभरात अणुइंधनावर काम करणारे लोक गेली कित्येक दशकं त्याच प्रश्नांशी झगडायलेत. त्यांना 'अडाणी लोकांची भीती' म्हणून बाजूला सारणं मला बिलकुल मान्य नाही. गावाचं अन् माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

अफवा कशी जमत गेली

ट्रेलरच्या मागच्या टोकाला एक लाकडी खोकं बांधलेलं होतं, त्याच्यावर पिवळं स्टिकर अन् स्टिकरवर तीन पात्यांचं काळं चिन्ह. गावातला एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो, त्यानं ते ओळखलं. किरणोत्साराचं चिन्ह आहे हे त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला अन् खाली फक्त 'हे काय आहे?' एवढंच विचारलं. पुढं फॉरवर्ड होता होता दुसऱ्याच कोणीतरी त्या फोटोला मजकूर जोडला.

मजकूर जोडणाऱ्यानं दोन खऱ्या गोष्टी उचलल्या होत्या, म्हणून तर तो पटला. पहिली म्हणजे औंढा नागनाथजवळ होणारा लायगो प्रकल्प. गुरुत्वीय लहरी मोजायची वेधशाळा आहे ती, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली, चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आत निर्वात नळ्या अन् लेसर. त्यात युरेनियमचा काही संबंध नाही. पण प्रकल्प राबवणाऱ्यांत अणुऊर्जा विभाग आहे, कागदोपत्री तेच नाव येतं. आता 'अणुऊर्जा विभाग', 'चार किलोमीटर नळ्या' अन् 'बंदिस्त जागा' हे तीन शब्द ज्याला कोणी कधी समजावून सांगितलं नाही त्यानं एकत्र वाचले तर तो काय समजंल?

दुसरी खरी गोष्ट कोलारची. नोव्हेंबर २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर अणुकचऱ्याच्या कायमच्या जागेचा विषय निघाला, तेव्हा कर्नाटकातल्या कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीचं नाव पुढं आलं. तिथल्या लोकांना ते बातम्यांतून कळलं. मोठं आंदोलन झालं, अन् मग केंद्राकडून सांगण्यात आलं की तसा काही विचार नाही. त्या खाणीत भाभा अणुसंशोधन केंद्रानं पूर्वी प्रयोग केले होते हे खरंय, खोलवरचा दगड हीटरनं तापवून त्याच्यावर काय परिणाम होतो ते बघायचं, कचरा तिथं नेलेला नव्हता. पण फॉरवर्डमध्ये एकच ओळ: 'कोलारवाल्यांनी हाकललं, आता मराठवाड्यात आणायलेत'. मराठवाड्याच्या माणसाला ही ओळ का लागते हे वेगळं सांगायला नको, धरणाचं पाणी असो का रेल्वे असो, आपल्या वाट्याला उरलंसुरलंच येतं असं इथं पिढ्यान् पिढ्या वाटत आलेलं आहे.

पहिला प्रतिसाद

एक अधिकारी आले, गाडीतून उतरून म्हणाले 'काही नाही, घाबरू नका, अफवा पसरवणाऱ्यावर गुन्हा दाखल करू' अन् गेले. ग्रुप अ‍ॅडमिनला फोटो डिलीट करायला लावले. माझ्या मते इथं प्रकरण जास्त बिघडलं. त्याच रात्री लोकांनी रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या, कारण फोटो डिलीट करायला लावले म्हणजे त्यात तथ्य आहे असाच अर्थ निघतो. बरं, अधिकाऱ्यानं स्टिकरबद्दल एक शब्द काढला नव्हता. लोक स्टिकर बघून घाबरले होते अन् उत्तर मात्र स्टिकर सोडून दिलं गेलं.

आम्ही काय केलं

सरपंचताई अन् तहसील कार्यालयातले एक नायब तहसीलदार, हे दोघं ठाम राहिले म्हणून पुढचं जमलं. आधी ट्रेलरचे कागद मागवले. गुजरातमधल्या एका वर्कशॉपमध्ये बनलेलं प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणारं मोठं बंद भांडं होतं, पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीकडं चाललेलं. मग एका कॅन्सर हॉस्पिटलातल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना विनंती केली, ते रविवार असून सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र घेऊन आले. त्यांनी जे केलं ते फार शहाणपणाचं होतं. आल्या आल्या ट्रेलरकडं गेले नाहीत. आधी ग्रामपंचायतीसमोर, मग मारुतीच्या पायरीवर, मग एका घरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर मीटर धरला, अन् प्रत्येक आकडा पोराला मोठ्यानं वाचायला लावला, ज्यानं फोटो काढला होता त्याच पोराला. सगळीकडं ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास (अंगाला बसणारा किरणोत्सार मोजायचं हे माप, हजार मायक्रो म्हणजे एक मिली), ओट्यावर किंचित जास्त. आपल्या काळ्या दगडात युरेनियम-थोरियम कमी असतं, ग्रॅनाइटमध्ये त्याच्यापेक्षा जास्त, म्हणून. किरणोत्सार शून्य अशी जागा पृथ्वीवर नाही हे लोकांनी आधी बघितलं. मग लांबून जवळ जवळ जात ट्रेलर, शेवटी खोकं. आकडा हलला नाही. मगच खोकं उघडलं, आत गॅस्केट, नटबोल्ट अन् वेल्डिंग तपासणीचे रिपोर्ट.

स्टिकरचा उलगडा असा की अशा भांड्यांच्या वेल्डिंगची गॅमा किरणांनी तपासणी करतात, इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी पदार्थ वापरून, अन् तपासणी चालू असताना आजूबाजूला हे चिन्ह लावावं लागतं. खोकं तिथलंच जुनं, स्टिकर काढायचं राहिलं. अशा तपासणीनं लोखंड किरणोत्सारी होत नाही, एक्स-रे काढल्यावर आपलं हाड होत नाही तसंच. पण रिकाम्या खोक्यावर हे चिन्ह ठेवणं साधी चूक मानता येणार नाही. चिन्ह खोटं निघायला लागलं तर खऱ्या ठिकाणी कोण थांबंल?

संध्याकाळी पारावर लोक जमले. मी अन् ते ऑफिसर बोललो, खरं तर लोकांनीच विचारलं.

'खरं आणलं असतं तर कसं दिसलं असतं?'

हे विचारणारे आबा सत्तरीच्या पुढचे. आपल्या देशात अनेक अणुभट्ट्यांत, म्हणजे जडपाण्याच्या भट्ट्यांत, इंधनाचा गठ्ठा साधारण अर्धा मीटर लांब असतो, १५ किलोच्या आसपास युरेनियम, तेही मातीच्या भांड्यासारख्या कडक गोळ्यांच्या रूपात धातूच्या नळ्यांत भरलेलं. २२० मेगावॅटच्या एका भट्टीत असे ३,६७२ गठ्ठे. वापरून झालेला गठ्ठा बाहेर काढला की तो इतका किरणोत्सारी असतो की आडोशाशिवाय जवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला मिनिटांत जीवघेणा डोस बसतो. हे मी लपवलं नाही. भट्टी बंद केल्या क्षणी इंधनातून पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, दिवसभरानं अर्ध्या टक्क्याच्या जवळ येते, अन् मग वर्षानुवर्षं हळूहळू उतरते. म्हणून आधी काही वर्षं खोल पाण्याच्या तलावात. पाणी थंडही ठेवतं अन् किरणंही अडवतं.

न्यायची वेळ आली की कास्क, जाड पोलादाचं, बहुतेक वेळा शिसंही असलेलं भांडं. मोठ्या कास्कचं वजन १०० टनांच्या पुढं जातं अन् आत इंधन त्याच्या मानानं थोडंच. हे कास्क कसं असावं याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत: ९ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर पाडायचं, १ मीटरवरून पोलादी खुंट्यावर पाडायचं, ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास, वर पाण्यात बुडवायची वेगळी चाचणी. एवढं करून आतलं बाहेर येता कामा नये. ब्रिटनमध्ये १९८४ साली लोकांना दाखवायला म्हणून रुळावर आडव्या ठेवलेल्या कास्कवर ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगानं रेल्वे इंजिन घातलं होतं, इंजिनाचा चेंदामेंदा झाला, कास्क फुटलं नाही. गाडीपासून २ मीटरवर किरणोत्सार ताशी ०.१ मिलिसिव्हर्टच्या वर चालत नाही. म्हणजे शून्य नसतो हेही सांगितलं. लिंबाखाली तितक्या अंतरावर तीन दिवस चोवीस तास बसणाऱ्याला त्या मर्यादेनं ७ मिलिसिव्हर्ट मिळाले असते, निसर्गातून सगळ्या वर्षात सरासरी २.४ मिळतात.

आबांनी हे ऐकून घेतलं अन् म्हणाले, "मंग असला माल ड्रायव्हरच्या भरवशावर कोण सोडंल, पोलीस नकोत का?" बरोबर. सोबत बंदोबस्त असतो, मार्ग अन् वेळ आधी जाहीर करत नाहीत. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या भट्ट्यांतलं इंधन पुनर्प्रक्रियेसाठी, म्हणजे त्यातलं युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढायला, आपल्या तारापूरला आलेलं आहे, पण त्या वाटेत जिंतूर-औंढा कुठंच बसत नाही. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा आबांचं हे एक वाक्य लोकांना जास्त पटलं.

'म्हशी ट्रेलरच्या सावलीला बांधल्या होत्या, दूध बाधंल का?'

विचारणाऱ्या मावशींचं दूध बंद झालं होतं, त्यांच्यासाठी हा पोटाचा प्रश्न. किरणं अंगावर पडणं वेगळं अन् किरणोत्सारी पदार्थ अंगात जाणं वेगळं, ऊन अन् धूळ यांच्यात असतो तसा फरक. बंद भांड्यातून किरणं आली तरी दूध किरणोत्सारी होत नाही. पदार्थ बाहेर सांडला, चाऱ्यावर बसला, तो जनावरानं खाल्ला तर मात्र दुधात येतो. चेर्नोबिलला १९८६ साली तेच झालं, आयोडीन-१३१ गवतावरून दुधात अन् दुधातून लेकरांच्या गळ्यातल्या ग्रंथीत गेलं, त्यातून हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. म्हणजे डेअरीवाल्याची भीती मुळात वेडगळ नव्हती, फक्त इथं सांडायला काही नव्हतंच. ऑफिसरनी दुधाच्या कॅनला मीटर लावून दाखवला, डेअरीवाला तिथं हजर होता, दुसऱ्या दिवशी सकाळी संकलन सुरू झालं. मधल्या दिवसांचे पैसे मात्र मावशींना कोणी दिले नाहीत.

'हिरीत उतरंल का?'

इंधनाच्या गोळ्या घन असतात, २,८०० अंशांच्या आसपास वितळतात, ट्रेलर उलटला तर तेलासारख्या वाहत नाहीत. पण प्रश्नाचं पूर्ण उत्तर एवढंच नाही. इंधन ॲसिडमध्ये विरघळवून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढलं की मागं जो द्रव उरतो तो खरा अवघड. अमेरिकेत हॅनफर्डला असा द्रव १७७ भूमिगत टाक्यांत ठेवला, त्यातल्या ६७ गळल्या असाव्यात असं तिथलं सरकारच मानतं, अन् तिथून कोलंबिया नदी लांब नाही. म्हणून हा द्रव काचेत मुरवून घट्ट करतात, काच पोलादी डब्यात ओततात. भारतात हे ट्रॉम्बे, तारापूर अन् कल्पाक्कमला होतं.

'शेवटी नेतात कुठं?'

हा प्रश्न दोन-तीन जणांनी एकदम विचारला. मी सरळ सांगितलं: काचेचे डबे तारापूरला खास बांधलेल्या तळघरात हवेनं थंड होत ठेवलेले आहेत, आणखी काही दशकं तसेच राहतील, अन् त्यानंतरची कायमची जागा, जमिनीत खोल, भारतात आज नाही. पुनर्प्रक्रियेनं कचऱ्याचा आकार फार कमी होतो हे खरं, पण सिझियम-१३७ अन् स्ट्रॉन्शियम-९० राहतातच, त्यांचं प्रमाण दर तीस वर्षांनी अर्धं होतं, म्हणजे निवायला तीनेकशे वर्षं. प्लुटोनियम-२३९ चं अर्धं व्हायला २४,००० वर्षं.

फिनलंडनं ओल्किलुओतो बेटावर ४०० मीटरपेक्षा खोल, १९० कोटी वर्षं जुन्या दगडात बोगदे काढलेत, तांब्याच्या डब्यात इंधन अन् भोवती फुगणारी बेंटोनाइट माती. तिथल्या स्थानिक परिषदेला नकार द्यायचा पूर्ण हक्क होता, अन् तिनं २००० साली मतदान करून होकार दिला. सरपंचताईंनी तिथंच थांबवलं, "म्हणजे ग्रामसभेनं नाही म्हणलं असतं तर झालं नसतं?" नसतं झालं. आपल्याकडं अणुऊर्जा हा केंद्राचा विषय, असा हक्क ग्रामसभेला नाही. तो असावा असं मला मनापासून वाटतं, अन् त्या पारावर मी ते बोललोही.

जर्मनीतल्या आस्से खाणीचंही सांगितलं. मिठाच्या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ मध्ये कमी अन् मध्यम किरणोत्साराचे सव्वा लाख पिंप ठेवले, मीठ कोरडं असतं म्हणून. आता तिथं रोज हजारो लिटर खारं पाणी शिरतंय अन् ती सगळी पिंपं वर काढायची असा कायदा त्यांना २०१३ साली करावा लागला.

किल्लारीचा प्रश्न

औसा तालुक्यातून इकडं येऊन राहिलेले एक काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "सर, १९९३ च्या आधी आमचा भाग सगळ्यात सुरक्षित म्हणून सांगितला होता. मंग तीनशे वर्षांचं तुम्ही कशाच्या जोरावर सांगायलात?"

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. ६.२ तीव्रता, दहा हजारांच्या जवळ माणसं गेली. त्या भागाचा समावेश तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, २००२ मध्ये नकाशा बदलला अन् तो झोन तीनमध्ये गेला. नंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा कळलं की वरचा काळा दगड फक्त ३३८ मीटर आहे, खाली पार जुना ग्रॅनाइटसारखा दगड. अन् या काळ्या दगडात थर आहेत, भेगा आहेत, त्या भेगांतलंच पाणी आपण बोअरनं उपसतो. हॅनफर्डच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे असल्याच काळ्या दगडात, खोल भांडार करायचा विचार अमेरिकेनंही बरीच वर्षं केला अन् १९८७ मध्ये सोडला. माझं मत विचाराल तर ज्या दगडातल्या भेगांवर सगळ्या प्रदेशाचं पिण्याचं पाणी चालतं तिथं असलं काही ठेवायचा विचारही करू नये.

पण काकांचा प्रश्न आपल्या दगडापुरता नव्हता. जमिनीखालचं आपलं ज्ञान एका रात्रीत खोटं ठरतं हे त्यांनी स्वतः बघितलंय. त्यांना मी एवढंच म्हणलं की याच कारणानं जगात जागा शोधायला तीस-चाळीस वर्षं घेतात, अन् एका दगडावर भरवसा न ठेवता काच, पोलाद किंवा तांबं, माती, मग दगड असे एकावर एक अडथळे ठेवतात. त्यांचं समाधान झालं नाही. ते व्हावं असा आग्रहही मी धरला नाही.

नंतर

ओढ्यातून मुरूम टाकून तात्पुरता रस्ता केला, ट्रेलर गेला. गुन्ह्याचं प्रकरण त्या पोरापर्यंत जाऊ नये म्हणून नायब तहसीलदारांनी लेखी दिलं की फोटो खरा होता अन् मजकूर त्याचा नव्हता. हलवलेलं घर परत आलं. अजूनही दोन-चार जण म्हणतात की मीटर बंद करून आणला होता.

एक गोष्ट मात्र या निमित्तानं निघाली ती जास्त कामाची. आमच्या भागात हे चिन्ह खरोखर समोर येण्याची शक्यता सगळ्यात जास्त भंगारात आहे. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये विद्यापीठातलं वापराविना पडलेलं कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचं यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं, कामगारांनी ते तोडलं, एकाचा जीव गेला अन् बाकीचे कित्येक गंभीर आजारी पडले. आमच्याकडचं भंगार गोळा होऊन जालन्याच्या भट्ट्यांकडं जातं. गावोगाव फिरणाऱ्या भंगारवाल्यांना, जे उघड्या हातानं सगळं फोडतात, त्यांना हे चिन्ह कोणी दाखवलेलं नाही.

ग्रामपंचायतीनं आता ते चिन्ह बाहेरच्या भिंतीवर पिवळ्या रंगात काढून घेतलंय, खाली लिहिलंय: हात लावू नका, फोडू नका, लांब व्हा, दुसऱ्याला जवळ जाऊ देऊ नका, ११२ ला फोन करा. रंगवायचं काम त्याच पोरानं केलं. शेजारच्या दोन गावांनी मजकूर मागून नेलाय, अन् जालन्याला जाणाऱ्या भंगारच्या गाड्या जिथं भरतात त्या अड्ड्यावरही तो लावायचं ठरलंय, तिथल्या मालकाशी सरपंचताईंचं बोलणं झालंय.